केळ्याला मानवलेलं घर

सावद्याच्या भाऊंच्या शर्टाच्या खिशात मी कधी पेन पाहिलं नाही. तिथं थर्मामीटर असायचा. डॉक्टरांचा नव्हे, केळ्यांचा. पुढं दाभणासारखं टोक, मागं आकडे दाखवणारी बोटभर काच. केळी पिकवणाऱ्या माणसाला तो लागतोच, कारण खोलीची हवा किती गार आहे यापेक्षा केळ्याचा गर किती गार आहे हे त्याला महत्त्वाचं. पण भाऊ तो कशातही खुपसायचे. चहात, वरणात, कापलेल्या टरबुजात. एका लग्नात त्यांनी श्रीखंडाच्या वाटीत टोक बुडवलं, काचेवर पाहिलं आणि वाटी वाढप्याला परत दिली. "अकरा हाये. बाहीर काढून तास झाला याले," म्हणाले. नवरीच्या बापाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मग टोक पायजम्याला पुसलं आणि थर्मामीटर खिशात गेला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा केळ्यात गेला असणार. ती केळी कोणी खाल्ली याचा विचार मी करत नाही.

मी जळगावचा. एसीची आणि कोल्डरूमची कामं करतो. भाऊंच्या वखारीत केळी पिकवायच्या सहा खोल्या होत्या, त्यांची मशीनं मी बारा-तेरा वर्षं सांभाळली. केळ्यांच्या बाबतीत भाऊ शंभर नंबरी माणूस. घडाचा देठ पाहून तो कुठल्या शिवारातला ते सांगायचे, आणि चुकायचे नाहीत. माणसांच्या बाबतीत मात्र सगळा आनंद होता. भेटायला गेलं की रामराम नंतर, आधी आपल्या दंडाला अंगठा लावून दाबून बघणार. "कच्चा हायेस आजून," असं ते मला म्हणायचे तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. त्यांचं एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. "हवा खोटं बोलते, केयं खोटं बोलत नही." केयं म्हणजे केळं. त्या भागात ते तसंच म्हणतात.

तर या भाऊंनी गावाबाहेर रस्त्यालगत बंगला बांधला आणि मला बोलावून घेतलं. घरभर एकच मशीन पाहिजे, गारही करणारं आणि गरमही करणारं, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे मे महिन्यात लोखंडी कडीला हात लावला तर चटका बसतो आणि जानेवारीत पहाटे केळीची पानं गारठून काळी पडतात, त्यामुळे मागणी वेडेपणाची नव्हती. मी त्यांना समजावून सांगितलं. बाहेर एक मोठं मशीन. छताखालून पत्र्याचे डक्ट. प्रत्येक खोलीच्या तोंडाशी मोटरवर चालणारी झडप आणि भिंतीवर थर्मोस्टॅट. ज्या खोलीला जेवढी गार किंवा गरम हवा पाहिजे तेवढीच झडप उघडते. अशा प्रत्येक खोलीला म्हणायचं झोन.

"म्हंजे वखारच झाली," भाऊ म्हणाले आणि त्यांचे डोळे चमकले. मी तिथंच उठायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केळ्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर घराचा नकाशा काढून आणला. प्रत्येक खोलीत एक आकडा, आकड्याभोवती गोल. नातवंडांच्या खोलीला अठरा. पुण्याहून येणाऱ्या मुलासुनेच्या खोलीला सतरा. स्वतःच्या खोलीला पंधरा. खालच्या कोपऱ्यातल्या खोलीला चौदा, तिथं भाऊंचे ऐंशी वर्षांचे काका राहायचे, ज्यांना सगळे नाना म्हणत. मी म्हटलं, भाऊ, म्हाताऱ्या माणसाला चौदा कसं चालेल. तर ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायला लागले.

"कच्च्या मालाले अठरा. पिकत आला का कमी कमी करत जायाचं. नाना पूर्न पिकेल हाये. त्याले गार नही ठेवलं तं सडीन."

आणि ते खरंच तसं मानत होते. उन्हाळ्यात गार करून अठरा, हिवाळ्यात गरम करून अठरा. वखारीत चालतं ते घरात का चालू नये, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्यांना पटेल अशा भाषेत माझ्याकडे नव्हतं. माझ्याबरोबर डक्टचं काम करणारे आबा मिस्त्री होते, दोंडाईच्याचे, अहिराणी बोलणारे. त्यांनी पुठ्ठा उलटासुलटा करून पाहिला आणि मला हळूच विचारलं, "हाई घर शे का केळास्नी वखार?"

देवघरालाही झोन होता. सोळा. देवाला रोज केळ्याचा नैवेद्य असतो म्हणून. एकाच खोलीत गोल नव्हता, आकडा नव्हता.

"भाऊ, स्वयंपाकघर राहिलं," मी म्हटलं.

"राह्यलं नही. सोडलं."

"का पण?"

"चुलीपाशी कोनी माल ठेवते का?"

मी म्हटलं, तिथं अक्का असतात, दिवसातले आठ-नऊ तास. अक्का म्हणजे भाऊंची बायको. घरचे, वखारीतले हमाल, गाडीवाले असा रोज पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक त्यांच्या हातचा. भाऊ म्हणाले, "तिले सवय हाये." मग फोडणीचा वास डक्टमधून घरभर फिरेल असंही म्हणाले. त्याला माझ्याकडे उत्तर होतं. स्वयंपाकघरात गार हवा नुसती सोडायची, तिथली हवा परत घ्यायची नाही, पंख्यानं बाहेर फेकायची, एवढं साधं आहे ते. मी एकदा सांगितलं, हळू आवाजात. त्यांनी ऐकलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. काम मोठं होतं आणि मी शहाणा माणूस आहे.

काम चालू असताना एकदा अक्का चहा घेऊन आल्या. मी शिडीवर होतो. वर बघत त्यांनी विचारलं, "का रे दादा, एक भोक माह्या डोक्यावर बी ठेवता येते का?"

"भाऊंना विचारतो," मी म्हटलं.

"विचारू नको. विचारलं का ते नही म्हनते. न विचारता ठेवता येते का ते सांग."

मी म्हटलं, नाही येत. धडधडीत खोटं बोललो. अक्कांनी मान हलवली आणि कप गोळा करून गेल्या. आबा मिस्त्री खाली बसून पत्रा कापत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं फक्त. तिसऱ्या दिवशी मी छतात डोकावलो तर व्हरांड्यातल्या मुख्य डक्टला एक फाटा फुटलेला. तो सरळ स्वयंपाकघरावर गेलेला आणि तोंडाला झाकण ठोकलेलं. मी विचारलं, आबा, हे काय.

"काही नही. पत्रा उरना व्हता," आबा म्हणाले.

मशीन चालू करायच्या दिवशी भाऊंनी बाहेरच्या युनिटला हार घातला, नारळ फोडला आणि पाचोऱ्याहून व्याह्यांना जेवायला बोलावलं. व्याही गृहस्थ सज्जन. त्यांना पाहुण्यांच्या खोलीत बसवलं, खोलीत हिरव्या केळ्यांची एक फणी टांगली आणि भाऊंनी बाहेरून दार ओढून कडी घातली. आता वखारीचा नियम असा आहे की माल भरून पिकवायचा गॅस सोडला की पहिले चोवीस तास दार उघडायचं नाही. घरात गॅस वगैरे काही नव्हता. पण नियम म्हणजे नियम. तासाभरानं व्याह्यांनी दार वाजवलं. "बाथरूम आतच हाये," भाऊ बाहेरून म्हणाले. जेवणाचं ताट खिडकीतून गेलं. संध्याकाळी व्याही खिडकीच्या गजांना धरून अंगणातल्या माणसांशी बोलत होते, मफलर बांधून. त्यांची परतीची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा भाऊंनी आधी फणी दाबून पाहिली, मग व्याह्यांना विचारलं, झोप लागली का. त्यानंतर व्याही सावद्याला आले की उंबऱ्यावरच बसत.

त्या दिवसापासून घराच्या प्रत्येक खोलीत एक हिरवी फणी टांगलेली असायची. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर भाऊंचा काडीचा विश्वास नव्हता. रोज सकाळी सहाला ते खिशातला थर्मामीटर काढून निघायचे, प्रत्येक फणीत टोक खुपसायचे, साल निरखायचे, मग झडप कमीजास्त करायचे. सगळी बटणं त्यांच्या खोलीतल्या एका पेटीत आणि पेटीला कुलूप. फणी ठरल्या दिवशी पिवळी झाली की झोन बरोबर. खोलीतला माणूस काय म्हणतो याला किंमत नव्हती. नाना मे महिन्यात दोन गोधड्या आणि कानटोपी घालून पडलेले असायचे. मी सर्व्हिसिंगला गेलो की गोधडीतून हात बाहेर काढून विचारायचे, "बाहीर उन्हाळा चालू हाये ना रे?" मी हो म्हटलं की त्यांना बरं वाटायचं. त्यांची फणी मात्र झकास असायची.

स्वयंपाकघरात फणी नव्हती. माल नाही म्हणून झोन नाही आणि झोन नाही म्हणून फणी नाही. शिवाय बाकीच्या घराची गार हवा जाऊ नये म्हणून भाऊंनी स्वयंपाकघराचं दार आपोआप बंद होणारं करून घेतलं होतं. पूर्वी पंख्याचा वारा तरी इकडून तिकडे जायचा. आता आत धग कोंडून राहायची. ते दारही मीच बसवलं होतं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात आणि उलट्या खापरावर हातभर रुंदीची पुरणपोळी होते, आमरसाबरोबर खायला. भाऊंनी या वेळी पन्नास माणसं बोलावली, कारण सगळ्यांना झोन दाखवायचे होते. मलाही बोलावलं, काही बिघडलं तर असावा म्हणून. पाहुणे हॉलमध्ये शाली पांघरून जेवत होते. एक गृहस्थ भाऊंना म्हणाले, काश्मीरला आल्यासारखं वाटतं. भाऊ खूश झाले आणि आणखी एक डिग्री कमी करून आले. आत तीन शेगड्यांवर तीन खापरं. मदतीला बायका होत्या, पण त्या आळीपाळीनं हॉलमध्ये गार होऊन यायच्या. अक्कांची पाळी काही आली नाही. पोळी पसरून खापरावर टाकायचा हात त्यांच्यासारखा दुसऱ्या कोणाला नव्हता.

अडीचच्या सुमारास आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मी दाराजवळ होतो म्हणून आधी पोचलो. अक्का ओट्याखाली आडव्या पडल्या होत्या, पुरण हाताला तसंच. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घाम अजिबात नाही. उचलून भाऊंच्या खोलीत नेलं. भाऊ आले, उभे राहिले आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांना राग आला होता. मलाही आला होता. डॉक्टर आले, सलाईन लावलं. मी तिथंच उभा होतो तेव्हा त्यांनी भाऊंना स्पष्ट सांगितलं, "या परत अशा धगीत राहिल्या तर पुढच्या वेळी मला बोलावू नका, थेट जळगावला न्या. आणि पोचतील असं मी म्हणणार नाही." भाऊंनी मान डोलावली. बाहेर येऊन पाहुण्यांना म्हणाले, "पित्त झालं."

तिसऱ्या दिवशी अक्का पुन्हा शेगडीपाशी होत्या. मला कळलं तसा मी गाडी काढून सावद्याला गेलो. भाऊ पेटीपाशी बसले होते. मी म्हटलं, स्वयंपाकघरावर डक्ट तयार आहे, तासाभराचं काम आहे, करून टाकतो.

"तिथं माल नही," भाऊ म्हणाले.

"भाऊ, माणूस आहे."

"मानूस बाहीर निंघू शकते. केयं निंघू शकत नही."

त्यांना वाटलं, त्यांनी फार मुद्द्याचं सांगितलं. माझ्यामागे अक्का चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ट्रे टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "दादा, ते तयार डक्ट कुठल्या जागी हाये?" मी स्वयंपाकघरात जाऊन छताकडे बोट दाखवलं. ओट्यासमोर त्या उभ्या राहतात तिथं, बरोबर डोक्यावर. आबांनी बरोबर जागा धरली होती.

पाच-सहा दिवसांनी भर दुपारी भाऊंचा फोन आला. "सैपाकघरात फनी शिजली. वरून हिरवी, आतून लगदा. मिस्त्रीले घेऊन आत्ताच्या आत्ता ये."

आम्ही पोचलो तेव्हा भाऊ स्वयंपाकघरात उभे होते. घर बांधल्यापासून मी त्यांना तिथं पहिल्यांदा पाहत होतो. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. छताच्या लोखंडी आकड्याला, अक्कांच्या डोक्यावर हातभर, एक हिरवी फणी लटकत होती आणि तिच्यात थर्मामीटर रुतवलेला होता. उष्ण हवेत केळं असंच फसवतं. साल हिरवीच राहते आणि आतला गर शिजून जातो. वखारवाल्याला याहून मोठी नामुष्की नाही.

"एकेचायीस," भाऊ म्हणाले. "गरात एकेचायीस." मग अक्कांकडे वळून, "हे कोनी टांगली इथी?"

"मी," अक्का म्हणाल्या. त्या पोळ्या लाटत होत्या आणि लाटणं थांबलं नाही. "घरात समद्या खोल्यात हाये. एकाच खोलीत नव्हती. तुमीच म्हनता, जिथी खोली तिथी फनी पाहिजे."

भाऊंना त्यात चूक काढता येईना. नियम त्यांचाच होता. त्यांनी केळ्याचं साल सोललं, बोटानं लगदा पाहिला आणि खऱ्याखुऱ्या कळवळ्यानं मला म्हणाले, "चार दिवसात हे हाल. ह्या हवेत कोनी जगू शकते का, सांग बरं."

मी अक्कांकडे पाहिलं. त्या पोळी भाजत होत्या. आबा शिडी लावून वर चढले, झाकणाला पेचकस लावला आणि स्वतःशीच म्हणाले, "ह्या माणूसनं काही खरं नही." चाळीस मिनिटांत झडप बसली, दुसऱ्या खोलीतला जादा थर्मोस्टॅट भिंतीवर आला. भाऊंनी नवीन हिरवी फणी आणून टांगली आणि झडप अठरावर लावली. गार हवा फणीवर आली, तिथून खाली अक्कांच्या डोक्यावर. अक्कांनी लाटणं बाजूला ठेवलं, डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि काही वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. भाऊंचं लक्ष नव्हतं. ते केळ्याकडे बघत होते.

पेटीतल्या त्या बटणाखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली, 'स्वयंपाकघर – माल'. पुढं कोणीही घर बघायला आलं की स्वयंपाकघरातली फणी आपण ऐन वेळी कशी वाचवली ते रंगवून सांगायचे. आखाजीची गोष्ट त्यात नसायची. त्यांना बायकोची माया नव्हती असं मला म्हणवत नाही. अक्का आजारी असताना ते दोन दिवस जेवले नव्हते, हे मला नानांनी सांगितलं. पण ती माया कुठल्या झडपेतून बाहेर यायची ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही, आणि मी त्यांना माफही केलेलं नाही. स्वतःला तरी कुठं केलंय. अक्कांना जे एका-दोन दिवसांत सुचलं आणि आबांनी न बोलता करून ठेवलं, ते करायला मला तोंड होतं, हात होते, डक्ट होता.

भाऊ जाऊन आता दोन हिवाळे झाले. जळगावला अतिदक्षता विभागात होते तेव्हा मी भेटायला गेलो. माझा दंड दाबायला हात उचलला, तो पोचला नाही. "इथी बावीस हाये," ते म्हणाले. "सांग या लोकायले. माल जाईन." नर्सनं मला विचारलं, काय म्हणतायत. मी म्हटलं, काही नाही, गरम होतंय त्यांना. तिनं एसीचा आकडा थोडा खाली आणला.

गेल्या उन्हाळ्यात सर्व्हिसिंगला गेलो. पुण्याचा मुलगा येऊन गेला होता. न वापरत्या खोल्यांच्या झडपा त्यानं बंद करवल्या होत्या. नानांच्या खोलीत आता चोवीस होतं आणि नाना बनियनवर बसून पेपर वाचत होते. घरातल्या सगळ्या फण्या उतरवलेल्या, छताला नुसते लोखंडी आकडे. स्वयंपाकघरात मात्र फणी होती. हिरवी, ताजी, त्याच आकड्याला. अक्का तिच्याखाली भाजी चिरत बसल्या होत्या.

मी शिडी लावली आणि म्हटलं, अक्का, आता ही कशाला, काढून ठेवू का, डोक्यावर लोंबते तुमच्या.

"राहू दे," अक्का म्हणाल्या. "हे मशीन माह्यासाठी लावेल नही. केयासाठी लावेल हाये. केयं काढलं, तं कोनीबी येईन आन् बंद करीन."